हिरव्या पानाचे रहस्य

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही रोज कितीतरी झाडे पाहता. आंबा, कडुनिंब, पिंपळ, तुळस. प्रत्येकाचे पान वेगळे, पण रंग मात्र हिरवा. हा हिरवा रंग कशाचा बनला आहे, असा प्रश्न तुमच्या मनात कधी आला आहे का? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात ज्यांनी आयुष्याची अनेक वर्षे घालवली, त्या थोर रसायनशास्त्रज्ञाची ही कथा आहे. त्यांचे नाव रिचर्ड विलश्टेटर.

रिचर्ड यांचा जन्म १३ ऑगस्ट १८७२ रोजी जर्मनीतील कार्ल्सरूह या शहरात एका यहुदी कुटुंबात झाला. वडील व्यवसायासाठी अमेरिकेत गेले. आईने मुलांना वाढवले. वयाच्या अठराव्या वर्षी रिचर्ड म्युनिकच्या विद्यापीठात शिकू लागले. त्यांची बुद्धी आणि मेहनत सर्वांच्या नजरेत भरली. धर्म बदलला तर मोठे पद लवकर मिळेल, असा सल्ला त्यांना देण्यात आला. स्वतःच्या फायद्यासाठी धर्म बदलणे त्यांना पटले नाही. त्यांनी तो सल्ला नाकारला आणि आपले काम चालू ठेवले.

१९०५ मध्ये ते स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे प्राध्यापक झाले. तेथे त्यांनी पानांतील हरितद्रव्याचा अभ्यास हाती घेतला. हरितद्रव्य म्हणजे पानाला हिरवा रंग देणारा पदार्थ. त्याच्या मदतीने झाड सूर्यप्रकाशात आपले अन्न तयार करते.

पान जाळले की राख उरते. या राखेत मॅग्नेशियम नावाचा धातू सापडतो, हे माहीत होते. पण तो हरितद्रव्याचाच भाग आहे, की बाहेरून मिसळलेली अशुद्धता आहे? हे कोणालाही नक्की सांगता येत नव्हते. हरितद्रव्य फार नाजूक असते. आम्लाचा स्पर्श होताच त्यातील मॅग्नेशियम निघून जाते आणि हिरवा रंग मळकट होतो. पालकाची भाजी शिजताना तिच्यात चिंच किंवा लिंबू घातले, तर तिचा रंग बदलतो, हे तुम्ही घरी पाहिले असेल. त्याचे कारण हेच आहे.

विलश्टेटर यांनी घाई केली नाही. हरितद्रव्य बिघडू नये म्हणून त्यांनी ते पानांतून अलगद बाहेर काढण्याच्या सौम्य पद्धती शोधल्या. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दोनशेहून अधिक वनस्पती तपासल्या. सगळीकडे हरितद्रव्य एकच निघाले. ते कितीही शुद्ध केले, तरी त्यातील मॅग्नेशियम कायम राहिले. १०० ग्रॅम हरितद्रव्यात ते जेमतेम २.७ ग्रॅम असते. पण ते पाहुणे नव्हते, घरचेच होते. आपल्या रक्ताच्या लाल रंगात जसे लोह असते, तसे पानाच्या हिरव्या रंगात मॅग्नेशियम असते. या संशोधनासाठी १९१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना जाहीर झाले.

हे मॅग्नेशियम झाडाला कोठून मिळते? ते जमिनीतून मिळते. ते मातीतील पाण्यात विरघळते. मुळांवरील केसांसारखे बारीक तंतू, म्हणजे मूलरोम, ते शोषून घेतात. मग पाण्याबरोबर ते खोडातून पानापर्यंत पोहोचते. पेशींच्या आवरणात प्रथिनांची जणू दारे असतात. त्या दारांतून मॅग्नेशियमची ये-जा होते. ते जास्त झाले, तर पेशी ते आपल्या आतील रिक्तिकेत साठवून ठेवते. कमी पडले, तर झाड जुन्या पानांतील मॅग्नेशियम काढून कोवळ्या पानांना देते. म्हणून जुनी पाने आधी पिवळी पडतात, पण त्यांच्या शिरा हिरव्या राहतात. आपल्याकडे कापसाची पाने लाल पडतात, त्याला शेतकरी लाल्या म्हणतात. त्यामागे मॅग्नेशियमची कमतरता हेही एक कारण असू शकते.

आता पुन्हा विलश्टेटर यांच्याकडे वळू. त्यांच्या वाट्याला कीर्ती आली, तसे दुःखही आले. १९०८ मध्ये त्यांची पत्नी वारली. १९१५ मध्ये त्यांचा लहान मुलगा गेला. तरीही ते काम करत राहिले. १९१६ मध्ये ते म्युनिकच्या विद्यापीठात प्राध्यापक म्हणून परतले. तेथे १९२४ मध्ये एक जागा भरायची होती. एक योग्य शास्त्रज्ञ केवळ यहुदी आहे म्हणून त्याला नाकारण्यात आले. हा अन्याय विलश्टेटर यांना सहन झाला नाही. त्यांनी आपल्या पदाचा राजीनामा दिला. विद्यार्थ्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्यांना खूप विनवले, पण ते परतले नाहीत. पुढे ते घरी बसून टेलिफोनवरून आपल्या सहायिकेला प्रयोगांबद्दल सूचना देत असत.

नंतर हिटलरच्या राजवटीत यहुदी लोकांचा छळ वाढला. १९३९ मध्ये विलश्टेटर यांना देश सोडावा लागला. स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्यांना मदत केली. हा तोच विद्यार्थी, ज्याने झुरिकमध्ये त्यांच्याबरोबर हरितद्रव्याचा अभ्यास केला होता. ३ ऑगस्ट १९४२ रोजी लोकार्नोजवळील मुराल्टो येथे विलश्टेटर यांचे निधन झाले.

मित्रांनो, राखेतील चिमूटभर धातू क्षुल्लक नाही, हे त्यांनी प्रयोगाने सिद्ध केले. एखाद्या माणसाला त्याच्या धर्मामुळे क्षुल्लक ठरवणे चूक आहे, हे त्यांनी आपले पद सोडून दाखवले. उद्या शाळेच्या वाटेवर एखादे हिरवे पान दिसले, तर क्षणभर थांबा आणि या शास्त्रज्ञाची आठवण करा.