संत फिलिपीन दुशेन : बर्फाने दार लागले तेव्हा

नोव्हेंबर महिना आला की आपली पावले दफनभूमीकडे वळतात. २ तारखेला कबरी स्वच्छ होतात, फुले वाहिली जातात, मेणबत्त्या लागतात आणि गेलेल्या माणसांची नावे घरोघरी पुन्हा निघतात. याच महिन्यात, १८ तारखेला, संत रोझ फिलिपीन दुशेन यांचा स्मरणदिन येतो. त्यांचे नाव आपल्यापैकी काहींना नवे असेल. परंतु मुंबईचे सोफिया कॉलेज सर्वांना ठाऊक आहे. १९४० साली ते कॉलेज सुरू करणाऱ्या येशूच्या पवित्र हृदयाच्या भगिनींच्या संस्थेतल्याच त्या. फ्रान्सबाहेर पडून या संस्थेचे रोप अमेरिकेत लावणाऱ्या पहिल्या धर्मभगिनी त्याच.

संतांची चरित्रे वाचताना आपण बहुधा त्यांच्या ऐन उमेदीतील पराक्रमापाशी थांबतो. आज मात्र फिलिपीन यांच्या म्हातारपणाविषयी सांगावे, असे आम्हाला वाटते. कारण आपल्या धर्मग्रामात अनेक वडीलधारी माणसे आता घराबाहेर पडू शकत नाहीत. आपल्याकडे बर्फ पडत नाही. पण आषाढात आठ-आठ दिवस पाऊस लागून राहिला, अंगण निसरडे झाले आणि घरच्यांनी मिस्साला जाऊ नका असे बजावले, की ओटीवर बसलेल्या आजीच्या मनात काय येते, ते तिलाच ठाऊक. आता आपला कोणाला काय उपयोग, हा प्रश्न त्या वेळी हमखास छळतो. फिलिपीन यांनाही त्याने छळले होते.

त्यांचा जन्म २९ ऑगस्ट १७६९ रोजी फ्रान्समधील ग्रेनोबल या शहरी झाला. चहूबाजूंनी आल्प्सचे डोंगर, त्यामुळे बर्फ त्यांच्या डोळ्यांना लहानपणापासून परिचित होते. वडील नामांकित वकील आणि राजकारणात मुरलेले, तर आई पेरिए या धनाढ्य व्यापारी घराण्यातली. त्यांचा मामेभाऊ काझिमिर पेरिए पुढे फ्रान्सचा पंतप्रधान झाला. अशा घरातल्या मुलीसाठी चांगले स्थळ पाहावे, हे आईवडिलांच्या मनात येणे साहजिकच होते. परंतु फिलिपीन यांचे मन शहरावरच्या टेकडीवरील व्हिजिटेशन मठात गुंतले होते. १७८८ साली, अठराव्या वर्षी, त्यांनी घरच्यांची मर्जी मोडून त्या मठात प्रवेश केला. वडिलांनी एक अट मात्र घातली : पंचविसाव्या वर्षापर्यंत अखेरची व्रते घ्यायची नाहीत.

ते पंचविसावे वर्ष मठात उजाडलेच नाही. फ्रेंच राज्यक्रांतीचा वणवा पेटला आणि १७९२ मध्ये मठ रिकामा करण्यात आला. ज्या वास्तूत फिलिपीन यांनी आयुष्य काढायचे ठरवले होते, त्याच वास्तूचा पुढे तुरुंग झाला. त्या घरी परतल्या, पण हात जोडून बसल्या नाहीत. त्यांनी कैद्यांची सेवा केली, लपून राहणाऱ्या धर्मगुरूंना मदत केली, रस्त्यावरच्या मुलांना धर्मशिक्षण दिले. १७९७ साली आई गेली. १८०१ मध्ये त्यांनी खटपट करून मठाची मोडकी इमारत परत मिळवली आणि जुन्या भगिनींना बोलावले. काही आल्या, पण फार दिवस टिकल्या नाहीत. ज्याची दहा वर्षे वाट पाहिली, ते हाती येऊन निसटले. त्यांच्या आयुष्यातील हा पहिला मोठा वियोग.

१८०४ साली मदर मॅडलीन सोफी बारा ग्रेनोबलला आल्या. येशूच्या पवित्र हृदयाच्या संस्थेची त्यांनी नुकतीच स्थापना केली होती. वयाने त्या फिलिपीन यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. तरीही फिलिपीन यांनी आपला मठ आणि स्वतःला त्यांच्या हाती सोपवले. या दोघींचा स्नेह पुढे जवळजवळ पन्नास वर्षे टिकला. १८०६ च्या पवित्र गुरुवारी फिलिपीन यांनी पवित्र साक्रामेंतासमोर रात्रभर जागरण केले. त्या रात्री त्या मनाने अमेरिकेच्या रानांत, तेथील आदिवासींमध्ये फिरून आल्या. परवानगीसाठी मात्र त्यांना बारा वर्षे वाट पाहावी लागली.

२१ मार्च १८१८ रोजी चार भगिनींसह त्यांनी बोर्दो सोडले. 'रेबेका' नावाच्या जहाजावर दहा आठवडे काढून २९ मे रोजी, पवित्र हृदयाच्या सणाच्या दिवशी, त्या न्यू ऑर्लीन्सजवळ अमेरिकेच्या भूमीवर उतरल्या. तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठत आणली होती. मिसुरी नदीकाठच्या सेंट चार्ल्स या लहानशा वस्तीत, लाकडाच्या ओंडक्यांच्या एका भाड्याच्या घरात, त्यांनी त्याच सप्टेंबरमध्ये शाळा उघडली. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस मुलींसाठी उघडलेली ही पहिली मोफत शाळा.

मग आला तिथला हिवाळा. आल्प्सच्या पायथ्याशी वाढलेल्या बाईंनाही तो नवा होता. घराच्या फटींतून वारा आत येई. विस्तवाजवळ ठेवलेले पाणीही गोठे. कपडे बाहेर वाळत घातले तर लाकडाच्या फळीसारखे ताठ होत, म्हणून ते घरातच टांगावे लागत. नदी गोठली की येणेजाणे थांबे आणि फ्रान्सची पत्रेही थांबत. एका पत्राचे उत्तर यायला महिनेच्या महिने लागत. घरची बातमी येई ती शिळी होऊन : ज्याच्या प्रकृतीची काळजी करावी, तो माणूस तोवर मातीआड गेलेला असे. १८२१ साली त्यांची लाडकी भाची अॅलोयसिया तरुण वयात वारली. तीही याच संस्थेची भगिनी होती. अशी वार्ता वाचून रडायलासुद्धा हक्काचे माणूस जवळ नसावे, हे दुःख परदेशी मुले असलेल्या आपल्या घरांना समजावून सांगायला नको.

पुढच्या वीस वर्षांत मिसुरी आणि लुइझियानामध्ये या संस्थेची अनेक घरे उभी राहिली. पण काम वाढले तसा फिलिपीन यांच्या मनातला अपयशाचा सल कमी झाला नाही. इंग्रजी त्यांना कधीच धड आले नाही. फ्रेंच वळणाच्या शिस्तीला अमेरिकन मुली आणि त्यांचे पालक कंटाळत. आणखी एक गोष्ट झाकून ठेवू नये. त्या काळी त्या मुलखात गुलामगिरी होती आणि या संस्थेच्या घरांतही गुलाम माणसांकडून काम करून घेतले जाई. आजच्या भगिनींनी हे उघडपणे मान्य करून त्याबद्दल खेद व्यक्त केला आहे. संतदेखील आपल्या काळाच्या आंधळेपणातून सर्वस्वी सुटलेले नसतात.

सोबतीची माणसेही एकेक करून दूर झाली. जहाजात बरोबर आलेल्या ऑक्टावी बेर्तोल्ड १८३३ साली दीर्घ आजारानंतर वारल्या. युजेनी ओद युरोपला परत गेल्या त्या पुन्हा आल्या नाहीत. १८४० मध्ये फिलिपीन यांना मठप्रमुखाच्या जबाबदारीतून मुक्त करण्यात आले. त्यांनीच ते कितीदा मागितले होते. तरी इतक्या वर्षांनी चाव्यांचा जुडगा कमरेचा सुटला की हात रिकामे वाटतातच.

आणि मग, बहात्तराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, पवित्र गुरुवारच्या त्या रात्रीचे स्वप्न खरे झाले. कॅन्ससमधील शुगर क्रीक येथे पोटावाटोमी आदिवासींसाठी शाळा काढायची होती. फिलिपीन इतक्या अशक्त होत्या की त्यांना मागे ठेवायचे जवळजवळ ठरले होते. पण जेज्वीट धर्मगुरू फादर फर्हागेन यांनी त्यांना नेण्याचा आग्रह धरला. त्यांच्याकडून काम झाले नाही तरी चालेल, त्यांची प्रार्थना मिशनला तारून नेईल, असे फादरांचे म्हणणे होते. १८४१ च्या उन्हाळ्यात त्या तिथे पोहोचल्या.

ज्यांच्यामध्ये त्या गेल्या, त्यांनी तर सर्वच गमावले होते. १८३८ च्या शरद ऋतूत सैनिकांच्या बंदुकांच्या धाकाखाली आठशेहून अधिक पोटावाटोमींना इंडियानातील आपली घरे सोडून सुमारे एक हजार किलोमीटर चालत यावे लागले होते. वाटेत चाळीसहून अधिक जण दगावले, त्यांत बहुतेक लहान मुले. रस्त्याच्या कडेला लेकरे पुरून आलेली ही माणसे होती.

फिलिपीन यांनी त्यांची भाषा शिकायचा प्रयत्न केला. ती काही त्यांच्या जिभेवर बसेना. शिकवता येईना. जड काम झेपेना. हिवाळ्यात मैदानावरचा बोचरा वारा आणि बर्फ यांनी त्या वारंवार आजारी पडत. दुसऱ्या भगिनी शिवण, स्वयंपाक, अक्षरे शिकवत आणि फिलिपीन ओंडक्यांच्या त्या देवळात गुडघे टेकून बसत, सकाळी काही तास, दुपारनंतर पुन्हा काही तास. एकदा मुलांनी हळूच मागून येऊन त्यांच्या झग्याच्या घोळावर कागदाचे कपटे ठेवले आणि बऱ्याच वेळाने परत येऊन पाहिले, तर कपटे जिथल्या तिथे होते, अशी आठवण सांगतात. तिथल्या लोकांनी त्यांना आपल्या भाषेत नाव दिले : सदा प्रार्थना करणारी बाई.

आम्हाला या नावाचे मोल फार वाटते. संस्था उभारल्या, शाळा काढल्या, समुद्र ओलांडला, त्याबद्दल हे नाव मिळाले नाही. ज्या एका वर्षी त्यांच्या हातून काहीच झाले नाही असे त्यांना वाटत होते, त्या वर्षी ते मिळाले. लेकरे गमावलेल्या त्या लोकांना कोणी भाषण देणारे नको होते. आपल्यासाठी देवापुढे बसून राहणारे माणूस त्यांना ओळखता आले.

तेथेही त्यांना राहू दिले गेले नाही. प्रकृती ढासळल्यामुळे १८४२ च्या उन्हाळ्यात वरिष्ठांनी त्यांना सेंट चार्ल्सला परत बोलावले. त्यांना तर आणखी पश्चिमेला, रॉकी पर्वताकडे जायचे होते. आज्ञा आली आणि त्या निघाल्या.

उरलेली दहा वर्षे त्यांनी मठाच्या प्रार्थनामंदिराजवळ, जिन्याखालच्या एका चिमुकल्या खोलीत काढली. दर हिवाळ्यात बर्फाने अंगण भरे. दृष्टी मंद झाली होती, पाय साथ देत नव्हते. १८४६ साली फ्लोरिसाँ येथील मठ बंद झाला. ज्या घरासाठी त्यांनी वर्षानुवर्षे हाडाची काडे केली, ते वाचवावे म्हणून त्यांनी कळवळून लिहिले होते. उपयोग झाला नाही. त्याहून मोठा घाव म्हणजे मदर बारा यांची पत्रे येईनाशी झाली. दोघींमधला पत्रव्यवहार बराच काळ खुंटला आणि जिवाभावाची मैत्रीण आपल्यावर रागावली आहे की काय, या शंकेने फिलिपीन झुरत राहिल्या. मदर बारा यांना हे कळताच त्यांनी १८४७ मध्ये फिलिपीन यांचीच भाची मदर आमेली जूव यांना मुद्दाम भेटीला पाठवले. त्या भेटीने आणि सोबत आलेल्या पत्राने म्हातारीच्या जिवाला केवढा विसावा मिळाला असेल!

या वर्षांत त्यांनी काय केले? डोळ्यांनी साथ दिली तोवर रॉकी पर्वतातील मिशनऱ्यांसाठी शिवण केले, जुनी वस्त्रे दुरुस्त केली. फादर द स्मेट यांच्यासारखे मिशनरी येता-जाता त्यांना आवर्जून भेटत. गेलेल्या माणसांना त्या आठवत. हा एकांत मागचे आयुष्य पाहण्यासाठी आणि मरणाच्या तयारीसाठी मिळाला आहे, असे त्यांनी आप्तांना कळवले होते. खोलीतून चार पावलांवर पवित्र साक्रामेंत होते. दुसऱ्या वाटा बंद झाल्या तरी तेवढी वाट शेवटपर्यंत उघडी राहिली. १८ नोव्हेंबर १८५२ रोजी, ८३ व्या वर्षी, त्या प्रभूच्या घरी गेल्या. १९४० साली त्यांना धन्य घोषित करण्यात आले आणि ३ जुलै १९८८ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना संतपद बहाल केले.

प्रिय धर्मग्रामस्थहो, या चरित्रातून आम्ही दोन गोष्टी आपल्यापुढे ठेवू इच्छितो. पहिली, घरी असलेल्या वडीलधाऱ्यांसाठी. आपले पाय थांबले म्हणून देवाने आपल्याला कामावरून काढून टाकलेले नाही. गेलेल्यांची आठवण काढून डोळे भरून येत असतील तर येऊ द्यावेत. फिलिपीन यांचेही येत. पण त्याच आठवणीची रोजरी करावी, एकेका मण्याला एकेक नाव. परीक्षेला बसलेला नातू, दुबईत एकटी राहणारी सून, शेजारचा रुसलेला भाऊ यांच्यासाठी रोज कोणी तरी देवापुढे बसायला हवेच आहे. धावपळीतल्या आम्हा लोकांना ते जमत नाही. आपल्याला जमेल.

दुसरी गोष्ट आपल्यातल्या धडधाकट माणसांसाठी. मदर बारा यांनी एक माणूस आणि एक पत्र पाठवले आणि एका म्हाताऱ्या जिवाची शंका फिटली. आपल्या ओळखीत अशी कोण आहे, जी कित्येक महिने कोणाची तरी वाट पाहते आहे? या आठवड्यात तिच्याकडे जाऊन यावे. नुसती विचारपूस करून उठू नये. आपली एखादी अडचण सांगून तिच्याकडे प्रार्थना मागावी. ती मागितली गेली, की आपण अजून कोणाच्या तरी कामाचे आहोत, हे तिला कळेल. आजाऱ्यांना व वृद्धांना घरी कम्युनियन हवे असल्यास धर्मगुरूंना जरूर कळवावे.

संत फिलिपीन दुशेन, दार बंद करून बसावे लागलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांसाठी विनंती करा.