रासबिहारी बोस : टोकिओतील तीस वर्षे

१९१५ सालच्या जून महिन्यात जपानमधील कोबे बंदरात एक हिंदी प्रवासी उतरला. कागदपत्रांवर त्याचे नाव पी. एन. टागोर असे होते. रवींद्रनाथ टागोर त्या काळी जपानला जाण्याच्या विचारात होते. त्यांचाच हा कोणी आप्त असून तो पुढे जाऊन त्यांची व्यवस्था पाहणार आहे, असा सर्वांचा समज करून देण्यात आला होता. प्रत्यक्षात हा प्रवासी म्हणजे रासबिहारी बोस हे होते. १९१२ साली दिल्लीत व्हाइसरॉय हार्डिंग यांच्यावर बाँब पडला, त्या कटाचे सूत्रधार तेच. १९१५ च्या फेब्रुवारीत हिंदी पलटणींत उठाव घडवून आणण्याचा बेत त्यांनी रचला होता; पण तो फितुरीने फसला. सरकारने त्यांना पकडून देणाऱ्यास मोठे बक्षीस लावले. तेव्हा १२ मे रोजी कलकत्त्याहून 'सानुकी मारू' या जपानी बोटीत बसून त्यांनी देश सोडला. त्यांचे वय त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचे होते.

या उठावाच्या कामात त्यांचा एक जिवलग सोबती महाराष्ट्रीय होता. पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथील विष्णु गणेश पिंगळे हा तो तरुण. अमेरिकेतील आपले शिक्षण सोडून तो या कार्यासाठी परत आला होता. मार्च महिन्यात मीरतच्या लष्करी छावणीत तो बाँबसह पकडला गेला व १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात त्याला फाशी देण्यात आले. रासबिहारी त्या वेळी टोकिओत होते.

रासबिहारी वेषांतरात मोठे निष्णात होते. डेहराडूनला जंगल खात्यात कारकुनी करीत असताना त्यांनी पोलिसांना आपला संशयदेखील येऊ दिला नव्हता. ते बंगाल्यांत बंगाली आणि पंजाब्यांत पंजाबी होऊन वावरत. परंतु टोकिओत हे कौशल्य कुचकामाचे ठरले. तेथे चेहराच परका होता. रस्त्यातून चालू लागले की लोक वळून पाहत. दुकानांच्या पाट्या वाचता येत नव्हत्या आणि कोणी दोन शब्द बोलले तर उत्तर देता येत नव्हते. घरे लाकडाची, आतील दारे कागदाची. जमिनीवर गवती चटया अंथरलेल्या आणि रात्री त्यांवरच गाद्या घालावयाच्या. जेवावयाचे ते दोन काड्यांनी. दारात पादत्राणे काढून ठेवण्याची चाल तेवढी आपल्यासारखी. भात होता, मासे होते, बंगाली माणसाला एरवी आणखी काय हवे? पण हळद नाही, जिरे नाही, मोहरीचे तेल नाही. ज्याने फासाची पर्वा केली नाही, तो मनुष्य अळणी जेवणाने हैराण होतो, याचे तुम्हांला कदाचित हसू येईल. परंतु परदेशी राहिलेल्या कोणालाही विचारून पाहा.

या अडचणींशी ते झगडत होते तोच मोठे संकट कोसळले. इंग्लंड व जपान यांच्यात १९०२ सालापासून मैत्रीचा करार होता. पी. एन. टागोर म्हणजे कोण हे ब्रिटिश सरकारला कळून चुकले व त्याने जपानवर दडपण आणले. नोव्हेंबरच्या अखेरीस हुकूम सुटला की, रासबिहारी व त्यांचे सहकारी हेरंबलाल गुप्त यांनी २ डिसेंबरच्या आत जपान सोडावा. बाहेर जाणाऱ्या बोटी शांघाय-हाँगकाँगवरून जात, आणि तेथे ब्रिटिश पोलीस वाट पाहत असणार हे उघड होते. म्हणजे हा हुकूम देशत्यागाचा नव्हता, तर मृत्यूचाच होता.

टोकिओच्या शिंजुकू भागात 'नाकामुराया' नावाचे पाव-बिस्किटांचे दुकान होते. दुकानाचे मालक आइझो सोमा व त्यांची पत्नी कोक्को यांचा राजकारणाशी काही संबंध नव्हता. वर्तमानपत्रात ही बातमी वाचून आइझो एका नेहमीच्या गिऱ्हाइकापाशी हळहळले आणि असल्या माणसाला आपल्यासारख्याच्या घरी लपविणे सोपे जाईल, असे सहज बोलून गेले. त्या गिऱ्हाइकाने ते बोलणे मित्सुरू तोयामा या वजनदार पुढाऱ्याच्या कानी घातले. सहज उच्चारलेला शब्द खरा करण्याची वेळ आली, तेव्हा सोमा पतिपत्नी मागे सरली नाहीत.

१ डिसेंबरच्या रात्री रासबिहारी व गुप्त निरोप घेण्याच्या निमित्ताने तोयामांच्या घरी गेले. पोलीस दारात उभे राहिले. पाहुण्यांचे बूट रीतीप्रमाणे दारात काढलेले होते. ते दिसत होते तोवर पाहुणे आत आहेत, याविषयी पोलिसांना शंका नव्हती. बराच वेळ लोटला. बूट तेथेच होते. पाहुणे मात्र वेष पालटून मागच्या बाजूने शेजारच्या घरात आणि तेथून एका वेगवान मोटारीत बसून शिंजुकूला पोहोचले होते.

दुकानाच्या मागे एक चित्रशाळा होती. पूर्वी चित्रकार तेथे राहून काम करीत. तीत हे दोघे दडले. आइझोंनी आपल्या नोकरांना एकत्र बोलावून सारी हकिकत सांगितली व गुप्ततेची विनंती केली. दुकानात माणसे बरीच होती आणि रोज शेकडो गिऱ्हाइके येत-जात. परंतु एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. मला वाटते, तोयामांसारख्या बड्या माणसाच्या आश्रयापेक्षा पाव भाजणाऱ्या त्या साध्या माणसांचे मौन अधिक मोलाचे होते. कोक्को यांना थोडे इंग्रजी येई, त्यामुळे पाहुण्यांशी बोलण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्या काळात त्यांच्या मनावर एवढा ताण पडला की अंगावरचे दूध आटले आणि त्यांची तान्ही मुलगी दगावली, असे सांगतात. तरीही त्यांनी पाहुण्याला अंतर दिले नाही.

कोंडलेले जीवन गुप्तांना सोसवेना. ते एके दिवशी निघून गेले. रासबिहारी एकटे राहिले. खिडकीशी जाण्याची चोरी, मोठ्याने बोलण्याची चोरी. अशा स्थितीत त्यांनी दोन उद्योग आरंभिले. पहिला जपानी भाषा शिकण्याचा. समोर दिसेल त्या वस्तूचे नाव विचारावे, ते घोकावे व वाक्यात घालून पाहावे, असा त्यांचा क्रम असे. दुसरा उद्योग स्वयंपाकाचा. मिळेल त्या मसाल्यावर ते बंगाली पद्धतीचा रस्सा शिजवीत आणि सोमा कुटुंबीयांनाही वाढीत. आजवर परक्याचे अन्न खाणारा पाहुणा त्या घरात प्रथमच वाढणारा झाला.

सुमारे चार महिन्यांनी वारे फिरले. एका ब्रिटिश युद्धनौकेने जपानी बोट अडवून तीवरील हिंदी प्रवाशांना धरून नेले, त्यामुळे जपानी जनमत खवळले आणि रासबिहारींना घालवून देण्याचा हुकूम सरकारने मागे घेतला. तरी ब्रिटिशांचे हेर त्यांच्या मागावर होतेच. पुढील काही वर्षांत त्यांनी सतरा वेळा घर बदलले. अशा माणसाला बाहेरच्या जगाशी जोडणारे विश्वासू जपानी माणूस जवळ हवे, म्हणून सोमांची थोरली मुलगी तोशिको हिच्याशी त्यांचा विवाह व्हावा असे तोयामांनी सुचविले. आईबापांनी मुलीवर दडपण आणले नाही. तोशिकोने पुष्कळ दिवस विचार केला व आपण होऊन होकार दिला. ९ जुलै १९१८ रोजी तोयामांच्या घरी गुपचूप विवाह झाला. आजच्या दृष्टीने पाहता, विशीतील मुलीवर ही केवढी जबाबदारी! हेरांच्या भीतीने निवडलेल्या अंधाऱ्या, ओलसर घरांत तिने संसार केला. मुलगा मासाहिदे व मुलगी तेत्सुको यांचा जन्म झाला. १९२३ साली रासबिहारींना जपानचे नागरिकत्व मिळाले आणि लपण्याचे दिवस संपले. परंतु तोशिकोची प्रकृती ढासळली होती. ४ मार्च १९२५ रोजी तिशी गाठण्यापूर्वीच ती वारली. रासबिहारींनी पुन्हा विवाह केला नाही.

त्याच सुमारास शिंजुकूत एक बडे विक्रीगृह उघडले व नाकामुरायाच्या धंद्याला ओहोटी लागली. दुकानातच गिऱ्हाइकांना बसून खाण्यासाठी जागा करावी, असे आइझोंच्या मनात आले. रासबिहारींनी सुचविले की तेथे खरा हिंदी रस्सा-भात ठेवावा. जपानी लोकांना करी ठाऊक होती. पण ती इंग्लंडवरून आलेली, मैदा घालून दाट केलेली होती. आपल्या देशाचे जेवण इंग्रजांच्या हातून लोकांना मिळावे, हे रासबिहारींना सहन होत नसे. त्यांनी मसाले स्वतः निवडले, हाडांसकट कोंबडी घालण्याचा आग्रह धरला आणि कृती शिकविली. हिंदुस्थानी मोकळा तांदूळ मात्र जपानी जिभेला मानवेना. तेथे त्यांनी हट्ट सोडला व जपानातीलच एक उत्तम तांदूळ घेण्यात आला. १२ जून १९२७ रोजी ही थाळी सुरू झाली. इतरत्र करी-भात दहा-बारा सेनला मिळे, येथे ऐंशी सेन पडत. तरीही लोकांनी गर्दी केली. कोठे पडते घ्यावे आणि कोठे घेऊ नये, हे बारा वर्षांच्या टोकिओवासाने त्यांना नेमके शिकविले होते.

आता ते जपानीत व्याख्याने देत, पुस्तके लिहीत. १९३३ साली त्यांनी आशियातील विद्यार्थ्यांसाठी टोकिओत वसतिगृह काढले. नवख्या मुलाला त्या अफाट शहरात काय काय अडते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्यांच्या चरित्रातील एक गोष्ट मात्र झाकून ठेवता येत नाही. ज्या जपानने त्यांना आसरा दिला, तोच जपान १९१० पासून कोरियाला दास करून बसला होता आणि १९३७ साली त्याने चीनशी युद्ध मांडले. रासबिहारींनी जपानची बाजू घेतली. आश्रयदात्याच्या ऋणाने त्यांची दृष्टी येथे झाकली गेली, असे म्हणावे लागते.

महायुद्धाच्या काळात त्यांनी आग्नेय आशियातील हिंदी लोकांची संघटना बांधली आणि ४ जुलै १९४३ रोजी सिंगापूर येथे तिचे नेतृत्व सुभाषचंद्रांच्या स्वाधीन केले. त्यांचे शरीर तेव्हा क्षयाने पोखरले होते. २१ जानेवारी १९४५ रोजी टोकिओतच त्यांचा अंत झाला. त्याच वर्षी ओकिनावाच्या लढाईत मासाहिदेही पडला. देश सोडल्यापासून जवळजवळ तीस वर्षांत रासबिहारींना मायभूमी एकदाही दिसली नव्हती. बंगालमधील चंद्रनगर या गावी, हुगळीच्या काठी, त्यांचे बालपण गेले होते. २०१३ साली त्यांची रक्षा जपानमधून तेथे आणण्यात आली.