चाखून पाहणारा शीले

स्वीडनच्या अतिप्राचीन ढालखडकांत, क्वार्ट्झच्या शिरांमध्ये, बोटे काळी करणारे एक मऊ खनिज सापडते. पूर्वी लोक ते ग्राफाइटच समजत. १७७८ मध्ये कार्ल शीले या औषधविक्रेत्याने त्यावर नायट्रिक आम्लाची क्रिया केली. ग्राफाइटवर काहीच परिणाम होत नाही. याची मात्र पांढरी भुकटी झाली. पुढची प्रखर भट्टी शीलेकडे नव्हती, म्हणून १७८१ मध्ये त्याचा मित्र येल्म याने तिच्यातून धातू काढला. तोच मॉलिब्डेनम.

त्याआधी, १७७६ मध्ये, शीलेने मूत्राशयातल्या खड्यांत यूरिक आम्ल शोधले होते. आपल्या शरीरात हे आम्ल बनवणाऱ्या विकराला मॉलिब्डेनमच लागते. दोन्ही धागे एकाच माणसाच्या हाती होते, पण ते जुळायला विसावे शतक उजाडावे लागले!

नवा पदार्थ हुंगून, चाखून पाहायची त्याला सवय होती. हायड्रोजन सायनाइडचीही चव त्याने नोंदवली. आर्सेनिक आणि पारा तर रोजचेच. अखेर मूत्रपिंडे आणि त्वचा बिघडली. मृत्युशय्येवर त्याने दुकानाच्या आधीच्या मालकाच्या विधवेशी लग्न केले, म्हणजे दुकान तिच्याकडे राहील. २१ मे १७८६ रोजी तो गेला, त्रेचाळिसाव्या वर्षी.