नोंदींचे रक्षक : नानाभाई मूस

खंबाटकी घाटातून जाणाऱ्या वाहनचालकाला आज मोबाइल वाट दाखवतो, तो उपग्रहांच्या रेडिओ लहरींच्या आधारे. सूर्यावरील क्षोभामुळे पृथ्वीवर चुंबकीय वादळ उठले की वातावरणाचा आयनांबर हा विद्युतभारित थर ढवळतो, लहरींच्या प्रवासाचा काळ बदलतो आणि दर्शविलेले स्थान चुकते. अशा वादळांच्या नोंदी जपण्यात नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी आयुष्य वेचले.

१८५९ मध्ये जन्मलेले नानाभाई १८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यामुळे चुंबकीय मापने बिघडणार, हे ओळखून त्यांनी अलिबागेस नवी वेधशाळा उभारली. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी मापने घेऊन नोंदींची सलगता राखली. १८४६ ते १९०५ पर्यंतच्या नोंदी १९१० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या.

१९३६ मध्ये ते निवर्तले. पहिला उपग्रह त्यानंतर एकवीस वर्षांनी अवकाशात गेला. मात्र १८५९ च्या महावादळाची तीव्रता २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी ठरविली, ती कुलाब्याच्याच जुन्या नोंदीवरून. फळ दृष्टीस न पडताही चोख केलेले काम पुढील पिढ्यांना असे उपयोगी पडते.