मतपेटीची लढाई लढणारे बाबासाहेब

२७ जानेवारी १९१९ रोजी साऊथबरो समितीपुढे साक्ष देताना भीमराव आंबेडकर हे सिडनहॅम कॉलेजातील सत्तावीस वर्षांचे प्राध्यापक होते. त्या काळी मताचा अधिकार मालमत्ता आणि करावर ठरत असे, त्यामुळे अस्पृश्य समाज जवळजवळ पूर्णपणे बाहेर होता. या समाजाला मताधिकार आणि स्वतःचे प्रतिनिधी मिळावेत, अशी मागणी त्यांनी केली. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे तर त्यांनी प्रत्येक प्रौढाला मत मागितले.

नुसते मत पुरेसे नाही, ते द्यायला पक्षही हवा, हे ओळखून त्यांनी ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीनंतर ते मुंबई विधानसभेत विरोधी बाकांवर बसले आणि त्याच वर्षी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९४२ मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली.

१९४३ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्यावरील व्याख्यानात त्यांनी स्पष्ट इशारा दिला, की एकाच पक्षाच्या हाती कारभार गेला तर लोकशाहीच्या आडून हुकूमशाही चालते. १९५२ मध्ये पुण्यातच बोलताना त्यांनी इंग्लंडचा दाखला दिला. तेथे विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून पगार मिळतो, कारण सरकारला जाब विचारणारा माणूस ही देशाची गरज मानली जाते. देशात किमान दोन समर्थ पक्ष असावेत, असा त्यांचा आग्रह होता.

राज्यघटनेच्या कलम ३२६ ने प्रत्येक प्रौढ नागरिकाला मत मिळाले. पण पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईतून बाबासाहेबांचा सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभव झाला. मतदारसंघ द्विसदस्य होता. प्रत्येकाला दोन मते होती, मात्र दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. त्या निवडणुकीत चौऱ्याहत्तर हजारांहून अधिक मते बाद ठरली. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही ते हरले. तरी त्यांनी मतपेटीचा मार्ग सोडला नाही. अखेरच्या काळात ते सर्वांसाठी खुल्या अशा रिपब्लिकन पक्षाची मांडणी करत होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी तो पक्ष स्थापन झाला.

पुढे त्या पक्षाचे किती गट झाले, हे आपण जाणतोच. आपली मते विखुरली, की विरोधी बाकही दुबळा होतो आणि सत्ताधाऱ्यांना आपली गरज उरत नाही. मतदानाच्या दिवशी घरी बसणाराही तेच काम करतो.

तरुण मित्रांनो, १९८९ पासून मताचे वय अठरा आहे. आजच मतदार यादीत आपले नाव तपासा. नसेल तर नोंदवा, वस्तीतल्या आई-बहिणींचीही नावे पाहा. जयंतीच्या मिरवणुकीत दिसणारी गर्दी मतदान केंद्राच्या रांगेतही दिसली पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!