ताईमहाराज प्रकरण : लोकमान्यांच्या शपथेची कसोटी

लोकमान्य टिळकांचे नाव निघाले की राजद्रोहाचे खटले आठवतात. 1897 चा, 1908 चा आणि मंडालेचा तुरुंग. या दोन खटल्यांच्या मधल्या काळात त्यांच्यावर आणखी एक फौजदारी खटला चालला. त्यात राजकारण वरकरणी कुठेच नव्हते. आरोप होता खोटी साक्ष दिल्याचा. राजद्रोहाची शिक्षा भोगून आलेल्या माणसाची लोक मिरवणूक काढतात. शपथेवर खोटे बोलल्याचा शिक्का मात्र जन्मभर पुसला जात नाही. म्हणूनच ताईमहाराज प्रकरण टिळकांच्या आयुष्यातील सर्वांत जिव्हारी लागणारे प्रकरण ठरले.

23 जुलै 1856 रोजी रत्नागिरीत जन्मलेल्या बाळ गंगाधर टिळकांनी गणितात प्रावीण्य मिळवून कायद्याची पदवी घेतली होती. पुढे पुण्यात त्यांनी कायद्याचे वर्गही चालवले. पुराव्याच्या कायद्याचा चटका मात्र त्यांना वर्गात नव्हे, कोर्टात बसला. 1881 मध्ये 'केसरी' सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांनी टिळक आणि आगरकर यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद केली. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळासंबंधी ज्या पत्रांवर विसंबून मजकूर छापला गेला, ती पत्रेच बनावट निघाली. दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. त्यापैकी 101 दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. हाती आलेला कागद खरा की खोटा, हे पारखण्याचे मोल टिळकांना पंचविशीतच असे कळले होते. नियतीचा खेळ असा की, वीस वर्षांनी बनावट कागद केल्याचा संशय त्यांच्यावरच घेतला गेला.

पुण्याचे पहिल्या वर्गाचे सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबामहाराज हे टिळकांचे स्नेही. ऑगस्ट 1897 मध्ये पटकीने ते मृत्युशय्येवर पडले. टिळक त्या वेळी पहिल्या राजद्रोह खटल्यात नुकतेच जामिनावर सुटले होते. मरणापूर्वी केलेल्या मृत्युपत्रात बाबामहाराजांनी विश्वस्त म्हणून टिळकांचे नाव घातले. अमरावतीचे दादासाहेब खापर्डेही विश्वस्तांपैकी एक होते. बाबामहाराजांच्या पत्नी ताईमहाराज तेव्हा गरोदर होत्या. 1898 मध्ये त्यांना मुलगा झाला, पण तो दोन महिन्यांतच दगावला. आता मृत्युपत्राप्रमाणे दत्तक घेणे भाग होते. इस्टेट कर्जात बुडालेली होती. विश्वस्तांनी खर्चाला कात्री लावली आणि तरुण विधवेच्या मनात अढी बसू लागली.

जून 1901 मध्ये टिळक, खापर्डे आणि ताईमहाराज औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) गेले. पंडित घराण्याची एक शाखा त्या भागात होती आणि तिच्यातून मुलगा पाहायचा होता. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते. आज बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात असलेल्या उमापूरचा परिसरही याच औरंगाबाद सुभ्यात मोडत असे. म्हणजे वाद ज्या घटनेवरून पेटला ती घडली इंग्रजी हद्दीबाहेर आणि तिचा निवाडा झाला पुण्या-मुंबईत. टिळकांच्या म्हणण्याप्रमाणे 28 जून 1901 रोजी जगन्नाथ या मुलाला ताईमहाराजांच्या मांडीवर देऊन दत्तविधान झाले. पुण्याला परतल्यावर ताईमहाराजांचे मन फिरले. औरंगाबादला दत्तविधान झालेच नाही, असे त्या म्हणू लागल्या. ऑगस्टमध्ये त्यांनी कोल्हापूरच्या शाखेतील बाळामहाराजांना दत्तक घेतले आणि टिळकांना मिळालेले प्रोबेट रद्द करावे म्हणून जिल्हा न्यायालयात अर्ज केला.

फौजदारी खटल्यात आरोपी बहुधा आपण घटनास्थळी नव्हतोच, असा बचाव घेतो. 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 11 खाली तो घेता येई आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही त्याची सोय आहे. असा बचाव एका रेल्वे तिकिटाने सिद्ध होऊ शकतो. टिळकांचा पेच उलटा होता. ते औरंगाबादला होते, ताईमहाराजही होत्या, हे कोणीच नाकारत नव्हते. प्रश्न इतकाच, की त्या घरात त्या दिवशी मूल प्रत्यक्ष दिले-घेतले गेले, की नुसते तसे ठरले? अशा ठिकाणी तिकीट उपयोगी पडत नाही. त्या वेळचे कागद, सह्या, हिशेब आणि हजर असलेल्यांचा शब्द एवढ्यावरच भिस्त असते.

जिल्हा न्यायाधीश अ‍ॅस्टन यांनी टिळकांची प्रदीर्घ तपासणी केली आणि त्यांचा शब्द मानला नाही. एप्रिल 1902 मध्ये त्यांनी प्रोबेट तर रद्द केलेच; शिवाय खोटी साक्ष, बनावट पुरावा तयार करणे, खोटी फिर्याद अशा आरोपांची यादी करून टिळकांना मॅजिस्ट्रेटकडे धाडले. प्रोबेट रद्द करण्याचा हा हुकूम उच्च न्यायालयात टिकला नाही, तरी फौजदारी कारवाई थांबली नाही. एका घरगुती दत्तकाच्या वादात सरकारने फिर्यादीचा भार उचलावा, यातच बरेच काही आले. खास मॅजिस्ट्रेट क्लेमंट्स यांच्यापुढे खटला महिनोन् महिने चालला. त्याच 1903 साली टिळकांचा थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगने गेला. वेदांतील आर्यांच्या मूलस्थानावरील त्यांचा ग्रंथही त्याच वर्षी छापून निघाला. 24 ऑगस्ट 1903 रोजी क्लेमंट्स यांनी दीड वर्षाची सक्तमजुरी आणि एक हजार रुपये दंड सुनावला. जानेवारी 1904 मध्ये सत्र न्यायाधीश लुकस यांनी शिक्षा सहा महिन्यांवर आणली, पण दोष कायम ठेवला. टिळकांची रवानगी येरवड्याला झाली आणि काही दिवसांत ते जामिनावर सुटले.

मार्च 1904 मध्ये मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स आणि न्यायमूर्ती बॅटी यांच्यापुढे मुंबई उच्च न्यायालयात निर्णय फिरला. टिळक निर्दोष सुटले आणि दंड परत करण्याचा हुकूम झाला. दत्तविधान खरे की खोटे याचा निकाल दिवाणी कोर्टात लागायचा असताना, त्याच मुद्द्यावर शपथेवर बोललेल्या माणसाला आधीच तुरुंगात धाडण्याची घाई झाली होती.

दिवाणी दावा 1906 मध्ये पुण्याच्या न्यायालयात टिळकांच्या बाजूने लागला. 1908 मध्ये ते पुन्हा राजद्रोहाच्या आरोपाखाली सापडले. त्या खटल्यात झडतीत मिळालेले एक पोस्टकार्ड पुढे करण्यात आले. त्यावर स्फोटकांवरील दोन पुस्तकांची नावे होती. नव्या स्फोटक कायद्यावर लिहिण्यासाठी ती टिपली, असा टिळकांनी खुलासा केला. ज्युरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवले आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ते मंडालेत असतानाच, 1910 मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने दत्तकाचा निकाल उलटवला. न्यायमूर्ती चंदावरकर आणि हीटन यांच्या त्या निकालाचा अर्थ एवढाच होता, की टिळक आणि त्यांचे सहकारी यांनी कट करून खोटी हकिगत रचली. शिक्षा नव्हती, पण कलंक होता. आणि उत्तर द्यायला माणूस ब्रह्मदेशाच्या तुरुंगात.

1914 मध्ये सुटून आल्यावर टिळकांनी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमधील अपिलाकडे लक्ष वळवले. 26 मार्च 1915 रोजी लॉर्ड शॉ यांनी निकाल दिला. औरंगाबादचे दत्तविधान झाले होते, असे ठरले. प्रतिष्ठित माणसांवर कटाचा आणि खोट्या शपथेचा ठपका केवळ तर्कावर ठेवल्याबद्दल उच्च न्यायालयाला कानपिचक्या मिळाल्या. वकिलांच्या दृष्टीने त्याहून मोलाची गोष्ट दुसरीच होती. एखाद्या साक्षीदाराला त्याच्याच जुन्या पत्राच्या आधारे खोटा पाडायचे असेल, तर ते पत्र उलटतपासणीत त्याच्यासमोर ठेवून खुलाशाची संधी दिली पाहिजे, हे तत्त्व या निकालाने ठळक केले. पुरावा कायद्याच्या कलम 145 वरील युक्तिवादांत 'बाळ गंगाधर टिळक विरुद्ध श्रीनिवास पंडित' हा निवाडा पुढेही वकील काढत राहिले. खुनाच्या खटल्यातील आरोपीचा वकील त्याचा आधार घेतो, तेव्हा मुळात ते प्रकरण एका मुलाच्या दत्तकाचे होते, हे अनेकांच्या ध्यानीही नसते.

इस्टेटीचे तंटे त्यानंतरही मिटले नाहीत. जुलै 1920 मध्ये टिळक पुण्याहून मुंबईला आले, ते याच प्रकरणाच्या सुनावणीसाठी. निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण सरदारगृहातील मुक्कामात ताप वाढत गेला आणि 1 ऑगस्टच्या पहाटे त्यांचे निधन झाले.