पीप्सच्या खिशातली बासरी

फ्रान्समध्ये ‘फ्लॅजोलेट’ म्हटले की खवय्याला कोवळ्या घेवड्याचे फिकट हिरवे दाणे आठवतात आणि संगीतप्रेमीला एक चिमुकली उभी बासरी. नाव एक, कूळ मात्र वेगळे. बासरीला पुढे चार भोके, मागे अंगठ्यांसाठी दोन. शिकायला सोपी आणि खिशात मावणारी. सतराव्या शतकात लंडनच्या एका सरकारी अधिकाऱ्याच्या संसारात ती शिरली. त्याचे नाव सॅम्युएल पीप्स.

१६३३ साली एका शिंप्याच्या घरी जन्मलेला हा माणूस १६६० मध्ये आरमाराच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर चढला. लाकूड, दोर, डांबर यांच्या हिशेबात कंत्राटदार फसवतात, हे ध्यानात येताच वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी तो एका खलाशाकडून पाढे शिकला. ज्याची हयात बँकेच्या खातेवह्यांत गेली, त्याला या माणसाबद्दल आपुलकी वाटल्यावाचून राहत नाही. महिनाअखेरीस तो स्वतःचीही शिल्लक काढी. रोज रात्री लघुलिपीत रोजनिशी लिही. हुंड्यात मिळालेल्या आपल्या मुंबई बेटाच्या व्यवहारात पोर्तुगिजांनी फसवल्याची कुरबुरही १६६३ च्या नोंदीत आहे.

हिशेब चुकला तो घरात. एलिझाबेथशी त्याचे लग्न १६५५ मध्ये झाले, तेव्हा ती पंधरा वर्षांचीही नव्हती. पीप्सला गाण्याचे वेड, तिचा सूर मात्र लागेना. एकदा तो इतका चिडला की ती रडू लागली. मग त्याला पश्चात्ताप झाला. त्याच सुमारास, १६६७ मध्ये, त्याने ग्रीटिंग नावाच्या उस्तादाची तिला फ्लॅजोलेट शिकवण्यासाठी नेमणूक केली. गळ्याने जे साधले नाही, ते बोटांनी साधले. तिची प्रगती पाहून नवरा खूश झाला. दोघे मिळून वाजवू लागले. पुढच्या फेब्रुवारीत एका नाटकातल्या सुषिर वाद्यांनी तो इतका भारावला, की आपण ही वाद्ये शिकायची आणि बायकोलाही शिकवायची, असा त्याने निश्चय केला.

हे सुख फार टिकले नाही. ऑक्टोबर १६६८ मध्ये एलिझाबेथने आपल्या तरुण सोबतिणीला नवऱ्याच्या मिठीत पाहिले. त्यानंतरच्या रात्री भांडणाच्या, रडण्याच्या, शपथांच्या. हे सारे ज्याने केले, त्यानेच ते लिहूनही ठेवले. बासरीचा आनंद जमेला धरला, तसे स्वतःचे पाप नावे टाकताना हात आखडला नाही. मोठमोठ्या कचेऱ्यांतही इतकी स्वच्छ वही क्वचितच सापडते. पण वही स्वच्छ असली म्हणून देणे फिटत नाही.

डोळे जातील या भीतीने ३१ मे १६६९ रोजी त्याने रोजनिशी बंद केली. डोळे गेले नाहीत. गेली ती एलिझाबेथ. फ्रान्सच्या प्रवासाहून परतताना तापाने आजारी पडली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, एकोणतिसाव्या वर्षी वारली. ज्याने नऊ वर्षे जेवणाखाण्याचीही नोंद चुकवली नाही, त्याच्या वहीत बायकोच्या मरणाची नोंदच नाही.

त्याने पुन्हा लग्न केले नाही. आरमाराचा सचिव झाला, कैदही भोगली आणि तीन हजार ग्रंथांचा संग्रह केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजला ठेवून १६०३ नव्हे, १७०३ मध्ये गेला. रोजनिशी छापून निघाली ती थेट १८२५ साली.

लंडनच्या सेंट ओलाव्ह चर्चमध्ये त्याने बसवलेला एलिझाबेथचा अर्धपुतळा आजही आहे. आरमाराचे अधिकारी प्रार्थनेला बसत, त्या जागेकडे तिची नजर आहे आणि तोंड किंचित उघडे, जणू काही बोलता बोलता थांबलेली. पीप्स पुढची चौतीस वर्षे जगला. शेवटी तिच्याच शेजारी त्याला जागा मिळाली.